चढ चालेल, चाकण नको

रविवारचा रस्ता किती अवघड असावा, यावरून आमच्या निगडीच्या सायकलवाल्यांत शनिवारी रात्री जेवढी दमछाक होते, तेवढी कुठल्याच चढावर होत नाही. काहींचं म्हणणं, घाट नसेल तर पहाटे उठायचं कशाला? उरलेल्यांचं म्हणणं, मिसळ असेल तर घाट कशाला?

मला विचाराल तर अवघडपणाच्या दोन जाती आहेत. भंडारा डोंगराची वळणं चढताना मांड्या असहकार पुकारतात. पण वर तुकोबांचं देऊळ आहे हे ठाऊक असतं. चढाला माथा असतो. चाकणच्या तळेगाव चौकाला माथा नाही. रस्ता तसा सपाट. पुढे कोऱ्या मोटारी पोटात घेतलेला ट्रेलर, मागे कंपनीची बस, समोरून उलट्या दिशेने आलेला टेम्पो. गिअर कितवाही टाका, वेग तोच. मोबाइलमधला नकाशा मात्र या रस्त्याला खुशाल ‘सोपा’ म्हणतो. त्याला धूळ खावी लागत नाही ना!

लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या, फ्रान्सहून आलेल्या ब्रेव्हे प्रकारात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे ताशी पंधरालाही थोडा कमीच वेग, आणि चहा-पंक्चर त्यातच. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. पण दम राखून जाण्याची अशी आखणी शिकायला फ्रान्सपर्यंत जायची गरज नाही. तुकोबांची पालखी प्रस्थानाच्या दिवशी देहू सोडतच नाही. मुक्काम इनामदार वाड्यात. दुसऱ्या दिवशी आकुर्डी, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या अंगणात. मग पुणे, आणि तिथे दोन रात्री. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यानंतर दिवे घाट चढते, तर माथ्यापलीकडे सासवडला पुन्हा दोन मुक्काम. आधी पाय मोकळे, मग घाट, मग विसावा. हे मी आमच्या घाटप्रेमी तरुणाला सांगितलं. तो म्हणाला, “काका, ते पायी जातात.” जणू चाकं लावली की माणसाचे गुडघे बदलतात.

चिखलीहून भोसरीला पाळी गाठायला सायकल हाणणाऱ्या कामगाराला मात्र यातलं काही विचारू नये. त्याला रस्ता निवडायचा नसतो, हजेरी गाठायची असते. चढ आनंदाचा की वैतागाचा, ही चर्चा सुट्टीच्या दिवशीच सुचते.

तरी माझी एक कसोटी आहे. चढावर शेजारच्याशी भांडता आलं पाहिजे, तेही पूर्ण वाक्यांत. उत्तरादाखल नुसतं ‘हं’ येऊ लागलं, की रस्ता जड झाला असं समजावं आणि पाणी पिण्याचं निमित्त काढावं. उलट शेजारचा जर आपल्या अप्रेझलची हकीकत साहेबाच्या आवाजासकट सविस्तर सांगू लागला, तर रस्ता फारच सोपा आहे. अशा वेळी दिसेल त्या पहिल्या टेकडीकडे सायकल वळवावी.