एका डिस्कचे दोन सातबारे

वाटणी म्हटली की तलाठी आठवतो. माझ्या 500 जीबीच्या डिस्कची मोजणी मात्र मीच केली: थोरल्या विंडोजला 300, धाकट्या उबंटूला उरलेली, मधे बांध. जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य वाटे चारच पडत. जीपीटीत विंडोज 128 पाडू देते, म्हणजे आमच्या भाऊबंदकीची कायमची सोय. दारात धाकट्याने ग्रब नावाचा दरवान बसवला. थोरल्याला बांध कोरायची खोड आहेच; ऑगस्ट 2024च्या अपडेटनंतर दोन्ही नांदवणाऱ्या कित्येकांचं लिनक्स उठेचना.

खरं भांडण घड्याळाचं. मदरबोर्डवरची वेळ उबंटू ग्रीनिचची लावतं, विंडोज तीच इथली समजतं. परवा सव्वादहाला लॅपटॉप उघडला, तर कोपऱ्यात पावणेपाच! सेवाग्रामात पहाटेच्या प्रार्थनेची वेळ. हापिसात मात्र लेटमार्क.

बायको म्हणाली, ‘‘एका डब्यात दोन कारभार चालतात तरी कसे?’’

‘‘जन्म गेला वर्ध्यात, अन् दारूबंदीच्या जिल्ह्यात हे मला विचारतेस?’’