पीळ

कोथरूडात घरात चरखा दिसला की पाहुणा चहाच्या आधी विचारसरणी विचारतो. "तुम्ही... त्यातले का?" त्यातले म्हणजे कुणातले, हे तो सांगत नाही. मीही लगेच खुलासा करत नाही, कारण तेवढा वेळ माझ्याभोवती एक गूढ वलय असतं आणि ते मला मनापासून आवडतं. मग हळूहळू त्याच्या लक्षात येतं की बाईंच्या अंगावर खादी नाही, चक्क पॉलिएस्टरचा गाऊन आहे, आणि चरख्यावर कापूसही नाही. "लोकर? पुण्यात?" असं म्हणून तो पंख्याकडे बघतो. पंखा पाचवर असतो.

पण मी लोकर कातते. हे वाक्य मी फार जपून वापरते. लग्नकार्यात कुणी "रिटायरमेंटनंतर काय चाललंय?" असं विचारलं की मी आधी जिलबीचा घास संपवते, थोडं थांबते आणि मग म्हणते, "कातते." समोरच्या बाईंचा मोडी लिपीचा डिप्लोमा तिथल्या तिथे फिका पडतो. खरं कारण असं की मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा मोडी, ज्ञानेश्वरी, उकुलेले, संस्कृत संभाषण आणि कुंडीतली भाजी ही सगळी क्षेत्रं आमच्या कॉलनीत आधीच काबीज झालेली होती. छंद नसलेल्या निवृत्त माणसाकडे इथे संशयाने बघतात. लोकर तेवढी मोकळी होती.

माझं सूत जाडबारीक येतं. मध्येच शेवई, मध्येच सुंभ. पण असलं सूत परदेशात 'आर्ट यार्न' म्हणून साध्या सुतापेक्षा महाग विकतात, हे मी कुणी सुताला हात लावायच्या आतच सांगून टाकते. त्या सुताचे मफलर मी भेट देते. आमच्या भाचीने तिचा मफलर ऐन एप्रिलमध्ये माझ्यासमोर दहा मिनिटं गळ्यात घालून दाखवला. मुलगी संस्कारी आहे.

माझा चरखा पेटीचा आहे. आता पेटीचरख्याचा विषय निघालाच आहे तर (इथे नवरा उठून गॅलरीत जातो) एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुणेकर बाकरवडीपासून पगडीपर्यंत कशाकशाचा अभिमान बाळगतात, पण पेटीचरखा पुण्याचा आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. 1930 साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. बाहेर मिठाचा सत्याग्रह पेटलेला, आणि आत हा माणूस चरखा प्रवासात नेता कसा येईल, या विचारात. मग मोठं चाक आणि छोटं चाक पेटीत आडवं बसवलं, मोठ्याने छोट्याला फिरवायचं, छोट्याने चातीला. चातीचा वेग वाढला आणि झाकण लावलं की सगळं बिऱ्हाड हातात धरून चालू लागायचं. नावही पडलं येरवडा चक्र. बंडगार्डनच्या पुलापलीकडे जन्मलेल्या वस्तूला आमच्याकडे 'बाहेरची' समजतात, हे एक कारण असेल.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1929 साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. तेव्हाचे एक लाख! अटी मात्र ऐकण्यासारख्या आहेत. वजनाला हलका हवा. सहज हलवता आला पाहिजे. हाताने किंवा पायाने चालावा. बाईने त्यावर 8 तास काम केलं तरी तिची दमछाक होऊ नये. त्या 8 तासांत 16,000 फूट सूत निघावं. किंमत 150 रुपयांच्या वर नको. 20 वर्षं टिकावा. आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या 5 टक्क्यांच्या आत. मी या अटी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा माझी खात्रीच पटली की मसुदा मूळचा वधूवर सूचक मंडळाचा असणार, 'मुलगी' खोडून कुणीतरी 'चरखा' घातलं. कमी खाणारी, जास्त राबणारी आणि वीस वर्षं तक्रार न करणारी!

आपल्या माणसांनी प्रयत्न सोडला नाही. किर्लोस्करवाडीहून काळे यांचं यंत्र परीक्षेला गेलं. लोखंडी नांगर घडवून देशभर पोचवलेल्या कारखान्याला चरखा म्हणजे किस झाड की पत्ती. पण ते अटींत बसलं नाही, आणि दुसरंही कुणाचं बसलं नाही. लाख रुपये जागच्या जागी राहिले. परीक्षकांत कुणीतरी सदाशिव पेठेतलं असावं, असा माझा अंदाज.

आणि येरवड्यात वापरलेला गांधीजींचा एक चरखा, जो त्यांनी फ्लॉइड पफर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला दिला होता, तो 2013 साली इंग्लंडमध्ये लिलावाला निघाला. 1,10,000 पौंडांना गेला. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने एक कोटी रुपयांच्या वर. ही बातमी ऐकल्यावर नवरा गॅलरीतून आत आला. त्याने माझ्या चरख्याकडे प्रथमच आदराने बघितलं आणि विचारलं, "तुला थोडे दिवस तुरुंगात जायला काही अडचण आहे का?"

असो. सांगायचं होतं ते भीमथडीचं.

दर डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते. तिथे हुरडा, मांडे, मासवडी खायला अख्खं कोथरूड रांगेत उभं राहतं. मी मात्र घोंगड्यांच्या स्टॉलवर जाते, कारण तिथे आपण जाणकार दिसतो. घोंगडीचं टोक दोन बोटांत धरायचं, डोळे बारीक करायचे आणि "दख्खनी ना?" असं विचारायचं. आजूबाजूचे चार लोक बघतात. एका वर्षी माझ्याबरोबर एक मैत्रीण होती. तिने घोंगडी उलटसुलट केली, नाकाशी नेली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "टोचतेय हो. शेवटचे किती?" स्टॉलवरच्या म्हाताऱ्याने आकडा सांगितला. ती म्हणाली, "निम्मे."

माझं डोकं फिरलं. ज्या बाईने निम्मे म्हटलं तिच्या गळ्यात माझा मफलर होता. मी तिला तिथेच ऐकवायला लागले. मेंढरं आधी पाण्यात घालून धुवायची, मग कातरायची. लोकरीतून कुसळं, गोखरू वेचायचे. पिंजायची. घरातल्या बायकांनी स्वयंपाकपाणी उरकून चरख्यावर सूत काढायचं. मग सनगराने त्या सुताला चिंचोक्याची खळ लावायची, खड्डामागावर बसून विणायचं. खळ कशी करतात माहितेय? चिंचोके भाजायचे, फोलपटं काढायची, दळायचे, शिजवायचे. आणि तू निम्मे म्हणतेस? माझा आवाज बराच वर गेला असावा. थालीपिठाच्या रांगेतले लोक वळून बघत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येणार.

तो म्हणाला, "ताई, जरा बाजूला सरा. गिऱ्हाईक तुटतंय."

मी सरले. त्याने शांतपणे शंभर कमी केले, तिने शंभर वाढवले, पुन्हा तो थोडा खाली आला, ती थोडी वर, आणि कुणालाही शिकवणी न देता सौदा झाला. मग माझं मन राखायला म्हणून त्याने विचारलं, "तुम्ही कातता जणू?" पर्समध्ये सुताची गुंडी असतेच, अशा प्रसंगांसाठीच ठेवलेली. त्याने धागा अंगठा आणि बोटामध्ये चोळला, थोडा उलगडला, सैल सोडला. धागा टुणकन वळला आणि स्वतःभोवतीच वेटोळं घालून बसला.

"कातलंय बरं. पन पीळ लई झालाय. मग सूत कडक होतं, टोचतं मानसाला. हात ढिला सोडायचा."

नवरा मागेच उभा होता. त्याने त्या म्हाताऱ्याला नमस्कार केला. वाकून.

म्हाताऱ्याशी मग थोडं बोलणं झालं. मी विचारलं, दख्खनी लोकर विकत मिळेल का? त्याला हसू आलं. म्हणाला, विकत कशाला, कातरून झाली की रानात टाकून देतात काही जण. लोकरीचे पैसे येत नाहीत, कातरणाऱ्याला मात्र द्यावे लागतात. मेंढरू आता मटणासाठी. पोतंभर पाठवतो, गाडीभाडं तेवढं द्या.

घरी आल्यावर माझं कातण्यात लक्ष लागेना. चरख्याशेजारी मेरिनोचे पेळू होते, पांढरेशुभ्र, मऊ, समुद्रापलीकडून आलेले. त्या तंतूची जाडी 20 मायक्रॉनच्या आसपास, हे मला पाठ आहे. आणि दख्खनी मेंढरांच्या मुलखातली फलटण, माण, बारामती ही नावं मला फक्त बँकेतल्या बदल्यांमुळे माहीत. पावसाळा सरला की याच भागातली मेंढरं पुण्याच्या आजूबाजूने घाट उतरून कोकणात जातात. चांदणी चौकाजवळ कळपामुळे गाडी थांबली की आपण हॉर्न वाजवतो. त्या कळपाबरोबर चालणाऱ्या बाईच्या आजीने जन्मभर सूत काढलं. तिला कुणी जिलबी खाताना विचारलं नाही की सध्या काय चाललंय. तिने कातलं तर ते काम, मी कातलं तर कला, आणि कलेला निदान कोथरूडात तरी कुणी निम्मे म्हणत नाही. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. देवाच्या अंगणात लोकरीला अजून तेवढा मान आहे. बाहेर तिला कुणी विचारत नाही, याचा मला राग येतो, आणि त्या रागाचं काय करायचं ते मला कळत नाही. मफलर करता येत नाही त्याचा.

पोतं आलं. खरंच आलं. वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "काकू, तुमचं काहीतरी मेलेलं आलंय." लिफ्टमधून ते तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत वास पाचव्यावर पोचला होता. काळीभोर, तुपकट लोकर. तिच्यात कुसळं, काटे, वाळक्या लेंड्या, आणि कुठल्याशा माळाची लाल माती. मी वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी अंथरून वेचायला बसले, तेव्हा नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं की आता जेवण कुठे करायचं.

लोकर धुण्याचं एक शास्त्र आहे. पाणी कडक गरम हवं, रिठे घालायचे, पण चोळायचं अजिबात नाही. लोकरीच्या केसाला खवले असतात. गरम पाण्यात हलवाहलव झाली की खवले एकमेकांत अडकतात आणि सगळ्याचा नमदा होतो. म्हणून नुसतं बुडवायचं आणि थांबायचं. आमच्या बाथरूमात बादल्या, टब, नातवाचं जुनं आंघोळीचं घमेलं, सगळीकडे मेंढी भिजत पडली. दोन दिवसांत सोसायटीची नोटीस आली. 'काही सभासदांच्या सदनिकेतून येणाऱ्या प्राणिजन्य दुर्गंधीबाबत.' नाव नव्हतं, पण 'काही' हे अनेकवचन आदरार्थी आहे, हे सगळ्यांना कळलं. चेअरमन स्वतः येऊन दारातूनच, रुमाल लावून, सांगून गेले की गटारात हे पाणी सोडायचं नाही. तुपकट आहे, पाइप तुंबेल. मुद्दा बिनतोड होता.

म्हणून मी ते काळं पाणी गच्चीवर नेलं आणि कुठे ओतावं ते न कळून एका मरायला टेकलेल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं. कुंडी पाचव्या मजल्यावरच्या वहिनींची. त्या आमच्या कॉलनीच्या कुंडीशेतीच्या सर्वेसर्वा. पंधरवड्यात मोगऱ्याला अशी फूट आली की वहिनी तपास करत माझ्या दारात. मी त्यांना बसवलं. नवीन, हलक्या पिळाचं काळं सूत दाखवलं. सांगितलं की हे दख्खनी मेंढीचं, हाताने वेचलेलं, हाताने पिंजलेलं. त्यांनी "वा, छान" म्हटलं आणि विचारलं, "ते पाणी शिल्लक आहे का?"

शेतकरी धान्य, पैसे देऊन धनगरांची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात, ते उगीच नाही. मेंढीच्या वाळलेल्या घामात पोटॅश असतं, ते सगळं या पाण्यात उतरतं. आता माझ्याकडे वही आहे. प्रत्येकी दोन लिटर, बाटली घरून आणायची, झाकण घट्ट हवं. सुताबद्दल आजवर कुणी एक अक्षर विचारलेलं नाही. परवा रात्री चेअरमनांचा फोन आला. आवाज एकदम खाली. त्यांच्या कढीपत्त्याची तब्येत बरी नाही म्हणे.

"नंबर लावावा लागेल," मी म्हटलं. "तुमच्या आधी नऊ जण आहेत."

"काही हरकत नाही, काकू. पण पुढची मेंढी साधारण कधी येतेय?"