उष्ट्याचं सोवळं

गच्चीवरची टाकी धुणं हे आमच्या घरात वर्षातून दोनदा येणारं व्रत आहे. मागच्या रविवारी आत उतरलो, तर तळाच्या गाळात लालभडक अळ्या वळवळत होत्या. बादलीत घेऊन खाली आणल्या. "अहो, आधी ते बाहेर ओतून या!" ही नाकाला पदर लावून म्हणाली.

मला मात्र कॉलेजातली मैत्रीण भेटल्यासारखं झालं. ही कायरोनॉमस. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तिचं डोकं सुईने ओढलं, की मागोमाग पारदर्शक लाळग्रंथींची जोडी बाहेर यायची. ती रंगवून काचपट्टीवर दाबली, की पट्ट्यापट्ट्यांची जाडजूड गुणसूत्रं दिसायची आणि त्यांवर मध्येच फुगवटे. बाल्बियानी नावाच्या शास्त्रज्ञाने ही गुणसूत्रं १८८१ मध्ये पाहिली, म्हणून त्या फुगवट्यांना त्याचं नाव. आम्ही आकृती काढली, गुण घेतले आणि मोकळे झालो. गुणसूत्र तिथेच का फुगतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

तिथे रेशमाचा कारखाना चालतो, म्हणून! ही अळी लाळेतून रेशीम काढते, त्याने गाळाचे कण सांधते आणि स्वतःपुरती नळी बांधते. काचेच्या वाडग्यात थोडा गाळ घालून दोघी-तिघींना सोडलं. दुसऱ्या दिवशी नळीच्या तोंडातून एक लाल डोकं डोकावत होतं. आत ती अंग हेलकावत बसते, त्यामुळे नळीतून पाणी खेळतं राहतं. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे प्राणवायूची टंचाई तिथेही तिचं बरं चालतं. काही जाती तर नळीत जाळं विणून अन्न गाळतात आणि शेवटी जाळ्यासकट गिळतात. म्हणजे जेवण आटोपल्यावर पत्रावळही पोटात!

त्या रेशमाची प्रथिनं अवाढव्य असतात. इन्सुलिनचा रेणू वजनाला सहा हजार डाल्टनच्याही आत; रेशीमकिड्याच्या रेशमातलं थोरलं प्रथिन साडेतीन लाखांच्या पुढे; आणि हिचं थोरलं प्रथिन दहा लाखांच्या घरात. भजनातलं पालुपद जसं घोळून घोळून म्हणावं, तसा त्यात एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. रेशीमकिड्याकडे ग्लायसिन आणि अॅलनिन ही बारीक चणीची मंडळी लोकलच्या डब्यातल्यासारखी खेटून बसतात. हिच्या प्रथिनात विद्युतभार असलेली अमिनो आम्लं भरपूर, आणि ठरावीक अंतरावर गंधकवालं सिस्टीन. आपल्या केसांना बळकटी देतात तेच गंधकाचे दुवे हिचा धागाही बांधून धरतात. त्यामुळे पाण्यात विणलेला धागा पाण्यात विरघळत नाही. आमच्या बाथरूमच्या भिंतीला चिकटवलेला हूक मात्र दर पावसाळ्यात सुटून पडतो.

रेशमावरून आजोबांचा मुकटा आठवला. पूजेला बसताना ते तो नेसायचे आणि आम्हा पोरांना हाताच्या अंतरावर ठेवायचे. एकदा त्यांच्या ताटातला लाडू मी चाखून परत ठेवला, तर केवढा गहजब! "उष्टं केलंस ना!" आता वाटतं, अहो आजोबा, तुम्ही नेसलेला मुकटा तरी काय होता? किड्याच्या तोंडातून आलेला, अथपासून इतिपर्यंत उष्टा! तुतीवरच्या अळीची लाळ देवघरात सोवळी, आणि टाकीतल्या अळीची दिसली की नाकाला पदर. आपण माणसं तर दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नुसतीच लाळ गाळतो. त्यातून साधा दोरा निघत नाही.

हे सगळं मी हिला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग टाकीवर झाकण कधी बसवताय?"

प्रश्न रास्त होता. अळीची आई डासासारखी दिसते, पण चावत नाही. उघडं पाणी दिसलं की अंडी घालून जाते. वाडगं मी मागच्या डबक्यात रितं केलं आणि संध्याकाळी नवं झाकण आणलं. तुम्हीही आपल्या टाकीचं एकदा बघून घ्या. रेशीम असलं म्हणून काय झालं, ते नेसायचं असतं, प्यायचं नसतं.