तौलनिक गृहस्थ

नागरी मध्यमवर्गाच्या ज्या शाखेला येथे ‘तौलनिक गृहस्थ’ असे संबोधले आहे, तिच्या अभ्यासाला २००८ ते २०१२ हा काळ आणि पुणे हे शहर विशेष सोयीचे आहे. कारण याच सुमारास पूर्ण आकाराच्या लॅपटॉपशेजारी नेटबुक नावाचे छोटे, हलके आणि स्वस्त यंत्र दुकानात येऊन बसले, आणि जो माणूस तोवर दोन कंपन्यांत किंवा दोन दुकानांत तुलना करून समाधान मानीत होता, त्याला एकाएकी दोन जातींत तुलना करण्याचा योग आला. तुलना सर्वच ग्राहक करतात, आणि ती संपली की पाकीट काढतात. तौलनिकाची तुलना संपत नाही. त्याला निर्णय घेता येत नाही असा घरच्यांचा समज असतो, पण तो वरवरचा आहे. निर्णय घेतल्यानंतर रोज संध्याकाळी सात ते नऊ या वेळात करायचे काय, ही त्याची खरी अडचण असते.

हा गृहस्थ साधारण पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, बँकेत, विमा कार्यालयात किंवा सरकारी खात्यात असतो आणि त्याच्या घरी, शिवलेल्या कापडी आच्छादनाखाली, सुटे भाग जोडून करवून घेतलेला, सतरा इंची काचेच्या जाड पडद्याचा एक संगणक असतो. सोबत नेता येणाऱ्या यंत्रांचा तुलनात्मक तक्ता तो या जागेवरून तसूभरही न हलणाऱ्या यंत्रावर तयार करतो, त्याची छापील प्रत काढतो आणि ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दुकानोदुकानी नेतो. तक्त्यात आडव्या ओळी वाढत जातात, उभे रकाने मात्र दोनच राहतात: ‘लहान’ आणि ‘मोठा’. हे दोन्ही रकाने भरण्यातच तो इतका रमतो की त्यांखाली बेरजेची ओळ आखायचे त्याच्या मनात येत नाही.

नेटबुक म्हणजे काय, हे तो विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही इतिहासापासून समजावून देतो. तैवानच्या आसूस कंपनीने २००७ च्या अखेरीस ‘ई पीसी’ नावाचे सात इंची पडद्याचे, एक किलोहूनही हलके यंत्र आणले, ज्याच्या पहिल्या गाजलेल्या आवृत्तीत माहिती साठवायला अवघी ४ गिगाबाइट जागा, म्हणजे एका साध्या डीव्हीडीहूनही कमी, दिलेली होती. पुढच्या वर्षी इंटेलने अशा यंत्रांसाठी ‘ॲटम’ हा कमी वीज खाणारा आणि त्याच मानाने सावकाश चालणारा प्रोसेसर, म्हणजे संगणकाची आकडेमोड करणारा मुख्य भाग, काढला. तेव्हाच्या नव्या विंडोज व्हिस्टाचा भार या यंत्रांना पेलवेना. तेव्हा ३० जून २००८ नंतर बहुतेक नव्या संगणकांवरून हटवायचे ठरलेल्या विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने छोट्या यंत्रांपुरते जीवदान दिले. पडदा लवकरच दहा इंचांवर स्थिरावला, रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती स्मृती, १ गिगाबाइट झाली, आणि सीडी घालण्याची सोय मात्र वजनाच्या नावाखाली कायमची गेली. एवढे सांगून झाले की समोरचा ‘मग कोणता घेणार?’ असे विचारतो, आणि तौलनिक ‘तेच तर!’ असे म्हणून चहा सांगतो.

त्याच्या गणिताला मात्र नावे ठेवता येत नाहीत. पडद्याचे इंच हे कर्णाचे, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतच्या अंतराचे, असतात आणि त्यामुळे ते ग्राहकाची दिशाभूल करतात, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. पायथागोरसचा सिद्धान्त (जो तो आग्रहाने बौधायनाच्या नावावर मांडतो) लावून तो दाखवून देतो की १०.१ इंची रुंद पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस इंच आणि १५.६ इंचीचे सुमारे १०४ चौरस इंच भरते. म्हणजे कर्ण जेमतेम दीडपट होतो, पण बघायला मिळते जवळजवळ २.४ पट. लहान यंत्र वीस हजारांच्या आतबाहेर आणि मोठे तीस हजारांच्या आसपास धरले, तर दर चौरस इंची भावाने मोठे यंत्र स्पष्टपणे स्वस्त पडते. येथे निर्णय व्हायला हरकत नसते, पण तो लगेच वजनाची ओळ काढतो. लहान यंत्र सव्वा किलोचे, मोठे अडीच किलोचे; तेव्हा खांद्याच्या बाजूने पाहता लहानच श्रेयस्कर. दोन्ही गुण एकत्र आणणारी तिसरी एक जात, पातळ, हलकी, तरीही मोठ्या पडद्याची, बाजारात होती. परंतु वजन कमी म्हणून पैसे जास्त मोजायचे, हे त्याच्या आजवरच्या सगळ्या किराणा-व्यवहाराच्या विरुद्ध असल्यामुळे तिला तक्त्यात रकानाच मिळाला नाही.

आकड्यांच्या मागे दोन माणसे उभी असतात, आणि ती दोन्ही तोच असतो. लहान यंत्राच्या पूर्वपक्षात एक लेखक आहे: तो १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनमध्ये खिडकीशी बसून, गुडघ्यावर यंत्र ठेवून, घाटातील बोगदे मोजीत कादंबरी लिहितो आणि तिच्या खानपान डब्यातील ऑम्लेट येताच एका हाताने झाकण मिटतो. मोठ्या यंत्राच्या उत्तरपक्षात एक कुटुंबवत्सल कलावंत आहे: तो चिरंजिवांच्या मुंजीची व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवून, नको ते नातेवाईक कापून, तिला सनईचे पार्श्वसंगीत जोडणार आहे. प्रत्यक्षात हा गृहस्थ डेक्कन क्वीनने गेलाच तर लोणावळ्याच्या आधीच त्याचा डोळा लागतो, आणि मुंजीची कॅसेट वाजवायचे यंत्र नादुरुस्त होऊन माळ्यावर गेलेले असते. तरीही दोहोंपैकी एक यंत्र घेणे म्हणजे या दोघांपैकी एकाला घरातून काढणे, आणि इतका निर्दय तो नाही. बॅटरीबद्दलचा त्याचा वाद या प्रकाशात वाचावा. तीन घटांची बॅटरी अडीच तास चालली तर कादंबरी कल्याणच्या आसपास खुंटेल, सहा घटांची घेतली तर मुंबई गाठता येईल, पण मग वजन वाढून यंत्र लहान असण्याचा हेतूच उरत नाही. अशा चर्चेत तो तासभर सहज घालवतो. बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-तासांत न सांगता, तिला व्होल्टने गुणून, वॅट-तासांतच सांगितली पाहिजे, हे त्याचे म्हणणे मात्र शास्त्रशुद्ध आहे आणि विक्रेत्यांनी ते ऐकायला हवे होते.

दुकानातील त्याचे वर्तन सविस्तर नोंदवण्याजोगे आहे. तो पुण्यातील दुकाने संपवून मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जातो, कारण तिथे भाव कमी असतो आणि येण्याजाण्याचे भाडे तक्त्यात धरायचे नसते. तेथे तो प्रथम, भाजीवाल्याकडे भेंडीचे टोक मोडून पाहावे तसा, कळफलक मधोमध अंगठ्याने दाबून तो किती लवतो ते पाहतो. मग पिशवीतून सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा निघतो. कंपन्या वजन सांगतात ते नुसत्या यंत्राचे. चार्जर, म्हणजे घरच्या विजेचे रूपांतर करणारी ती वायरींची वीट, त्यात धरलेली नसते. ती धरून, यंत्र कापडी पिशवीत घालून, पिशवी आकड्याला अडकवून तो दुकानाच्या मधोमध हात उंच करून उभा राहतो, आणि काउंटरवरचा मुलगा ‘काका, खालून हात लावा, खालून!’ असे ओरडत धावतो.

यानंतर ‘ओके’चा प्रश्न येतो. दहा इंची नेटबुकच्या पडद्यावर प्रकाशाचे ठिपके आडवे १,०२४ आणि उभे फक्त ६०० असत. परंतु बरेच प्रोग्राम निदान ७६८ उभे ठिपके असणारच असे गृहीत धरून लिहिलेले होते. त्यामुळे एखादी चौकट उघडली की तिचा तळ पडद्याच्या खाली जाई आणि त्याबरोबर ‘ओके’ व ‘रद्द’ ही बटणेही. ‘टॅब दाबत जा आणि एंटर मारा, ओके तिथंच आहे, फक्त दिसत नाही,’ असा खुलासा विक्रेता करतो. निर्गुणाची उपासना तौलनिकाला तत्त्वतः मान्य असली, तरी वीस हजार रुपये मोजल्यावर बटण सगुण असावे, असे त्याचे मत पडते, आणि या एका मुद्द्यावर तरी वाचकाने त्याच्याच बाजूने उभे राहावे.

मराठी टंकलेखनाची परीक्षा त्याहून कडक असते. एक्सपीत देवनागरी सुरू करताना बहुधा मूळ सीडी मागितली जाई आणि नेटबुकला ती घालायला जागाच नसे. तेव्हा ही परीक्षा तो एखाद्या सहकाऱ्याच्या यंत्रावर, त्याच्या अनुमतीने किंवा तिच्याशिवाय, उरकतो. सरकारने भारतीय भाषांसाठी प्रमाण ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट या कळरचनेत स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताला असतात; नुसती कळ दाबली की काना किंवा वेलांटी उमटते, आणि सुटा स्वर हवा असेल तर उजव्या करंगळीने शिफ्टची कळ धरावी लागते. सुरुवातीच्या काही छोट्या यंत्रांवर जागेच्या टंचाईमुळे उजवी शिफ्ट पार कडेला सरकवून तिच्या हक्काच्या जागी वर जाणाऱ्या बाणाची कळ बसवलेली होती. परिणामी ‘आई’ लिहू पाहणाऱ्याची करंगळी बाणावर पडे, आणि काना वरच्या ओळीतील एखाद्या निरपराध अक्षराला व वेलांटी त्याच्याही वरच्या ओळीतील दुसऱ्या अक्षराला जाऊन चिकटे. तौलनिकाने हा दोष इतक्या लोकांना करून दाखवला की कार्यालयात त्या सहकाऱ्याचे यंत्र त्यानंतर कपाटात कुलपात राहू लागले.

विंडोज ७ ची स्टार्टर नावाची स्वस्त आवृत्ती नेटबुकांवर आली, तेव्हा तिच्यात पडद्यामागचे चित्र बदलता येत नाही हे कळून त्याला तो ग्राहकहक्कांवरील घाला वाटला. स्वतःच्या संगणकावरची, एक्सपीबरोबर आलेली ती हिरवी टेकडी त्याने आजवर कधीही बदललेली नव्हती, हा भाग वेगळा.

थांबण्याची कारणे तो जगभरातून आणतो. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये वर्तवले आणि १९७५ मध्ये सुधारून सांगितले की एका चिपवर मावणाऱ्या ट्रान्झिस्टरांची, म्हणजे विजेच्या अतिसूक्ष्म खटक्यांची, संख्या साधारण दर दोन वर्षांनी दुप्पट होत राहील. अभियंत्यांनी या निरीक्षणावरून कारखाने उभारले. तौलनिकाने त्यातून एवढेच काढले की आज घेणारा माणूस दोन वर्षांनी घेणाऱ्यापुढे मूर्ख ठरतो. २००८ च्या आरंभी चाळिशीच्या आत असलेला डॉलर वर्ष संपता संपता पन्नाशीला टेकला, तेव्हा तो उतरेपर्यंत थांबणे भाग होते. २०१० मध्ये आयपॅड आला, तेव्हा लहान रकान्याचेच भवितव्य धोक्यात आले. २०११ मध्ये थायलंडला महापूर येऊन हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि भाव चढले, तेव्हा तर ‘तरी मी म्हणत होतो’ असे उद्गार काढून त्याने दिवाळी आणि पाडवा हे दोन्ही मुहूर्त एकदम सोडून दिले. ‘अहो, घ्यायचा नसेल तर नका घेऊ, पण जेवायला तरी या,’ हे वाक्य या काळात त्याच्या घरी नित्याचे झाले होते.

उद्योगाच्या इतिहासाने या जातीची दखल फार पूर्वीच घेतलेली आहे. सोबत नेण्यासाठी म्हणून बाजारात यशस्वी झालेला पहिला संगणक, ऑस्बोर्न १, हा १९८१ साली अमेरिकेत आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो आणि पडदा ५ इंची होता, म्हणजे लहान व मोठा या दोन्ही रकान्यांतले दोषच तेवढे त्याने एकत्र केले होते. तरीही तो खपला. पुढे कंपनीने नवीन, अधिक चांगले मॉडेल येऊ घातल्याचे वेळेआधी बोलून दाखवले, ग्राहकांनी हातातली खरेदी थांबवली आणि १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे काढले, असे सांगितले जाते. जाणकार तिच्या बुडण्याला इतरही कारणे देतात, पण ‘ऑस्बोर्न परिणाम’ ही संज्ञा व्यापारशास्त्रात रूढ होऊन बसली आहे. म्हणजे काहीही विकत न घेता एखादी कंपनी बुडवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या ग्राहकांचे हे पुण्यातील वंशज होत.

स्वतः न घेणारा हा गृहस्थ इतरांच्या खरेदीत मात्र अत्यंत कार्यक्षम असतो. सोसायटीत कोणाला संगणक घ्यायचा असला की त्याला बोलावणे येते, आणि तो एका भेटीत, अर्ध्या तासात, ठामपणे निकाल देतो: मुलगा अभियांत्रिकीला असेल तर मोठा, निवृत्त मावशींना अमेरिकेतल्या नातवाशी बोलायचे असेल तर लहान. त्याचे हे निकाल सहसा बरोबर ठरतात. परक्याच्या बाबतीत त्याला एकच माणूस दिसतो आणि त्या माणसाची गरजही एकच असते. त्यामुळे रकाने भरायला फारसे काही उरतच नाही.

२०१३ उजाडता उजाडता आसूससारख्या कंपन्यांनी नेटबुकांतून अंग काढून घेतले. टॅबलेटने खालून आणि स्वस्त होत गेलेल्या हलक्या लॅपटॉपांनी वरून दाबल्यामुळे ही जात पाचसहा वर्षांतच संपली. लहान रकाना असा आपोआप रिकामा झाल्यावर तौलनिकाला निवड सोपी जावी, अशी अपेक्षा कोणी करील. त्याने त्या रकान्यात ‘कळफलक जोडता येणारा टॅबलेट’ असे लिहिले आणि कर्ण पुन्हा मोजायला घेतले. दरम्यान कन्येने पहिल्या पगारातून, मॉलमध्ये, मैत्रिणीबरोबर पॉपकॉर्न खाताखाता, एक १५.६ इंची लॅपटॉप विकत घेतला. का, तर त्याचा लाल रंग छान होता. वडिलांनी तो उघडला, कळफलक मधोमध दाबून पाहिला आणि ‘रॅम पुढे वाढवता येते का, हे विचारलंस का?’ एवढेच विचारले. तिने विचारले नव्हते. तेव्हा त्यांनी खोके, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिशव्यांना बांधलेल्या तारासुद्धा जशाच्या तशा माळ्यावर ठेवून दिल्या. विकायची वेळ आली तर मूळ खोक्यासह भाव बरा येतो आणि त्या वेळी नवीन कोणता घ्यायचा याचा तक्ता त्यांच्याकडे तयार असेलच.