अठ्ठ्याहत्तर अंश उत्तर, आणि फुल्ल रेंज

मराठी माणूस प्रवासाला निघाला की त्याला दोन गोष्टी बजावल्या जातात: बाहेरचं पाणी पिऊ नकोस, आणि पोचल्यावर फोन कर. प्रवास कोल्हापूरचा असो की कॅलिफोर्नियाचा, ‘पोचलो’ हे घरी कळेपर्यंत तो अधिकृतरीत्या कुठेही पोचलेला नसतो.

आम्ही निघालो होतो लाँगइयरब्येनला. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही वर, उत्तर ध्रुवापासून तेराएकशे किलोमीटरवर स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे, त्यातलं हे मुख्य गाव. ७८ अंश उत्तर अक्षांश, वस्ती अडीच हजारांच्या आसपास, आणि गावाबाहेर पांढरी अस्वलं. एवढं सगळं ऐकून मामींनी एकच प्रश्न विचारला, “फोन लागतो ना तिथे?”

मामी म्हणजे आमच्या हिच्या मामी. गुडघ्यांमुळे त्या पुण्यातच राहिल्या आणि मामा आमच्याबरोबर आले. मामा टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर म्हणून लागले आणि चढत चढत अधिकारी होऊन निवृत्त झाले. जगात दोनच जाती आहेत असं त्यांचं ठाम मत आहे: रस्ता खणणारे आणि त्यामुळे तुटलेली केबल जोडणारे. फोनवर ते आजही ट्रंक कॉलच्या आवाजात बोलतात. व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस दिसत असला तरी “हॅलो, कोण बोलतंय?” विचारल्याशिवाय त्यांचं संभाषण सुरू होत नाही.

विमानातून उतरलो तर थंडी उणे अठरा. माझ्या नाकातला ओलावा नाकातच गोठला. मामांनी हातमोजा काढला, फोन बघितला आणि धावपट्टीवरच ओरडले, “जावईबापू, फुल्ल रेंज! पाचच्या पाच काड्या!” आमच्या सोसायटीत याच मामांना रेंजसाठी गच्चीत पाण्याच्या टाकीजवळ उभं राहावं लागतं. तेवढ्यात ‘टुंग टुंग’ करत परिवाराच्या ग्रुपवरचे सगळे साठलेले निरोप धडाधड येऊन पडले. पहिल्यात डोंगराआडून उगवणारा केशरी सूर्य, खाली गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’. दुसऱ्यात समुद्रातून उगवणारा सूर्य. तिसऱ्यात नुसताच सूर्य, पण त्याला डोळे होते आणि तो हसत होता. लाँगइयरब्येनमधून सूर्य ऑक्टोबरच्या शेवटी जातो. फेब्रुवारीच्या मध्यावर तो क्षितिजावर येतो खरा, पण गाव डोंगरांच्या कुशीत असल्याने ऊन गावात पोचायला मार्च उजाडतो. चार महिने सूर्य न पाहिलेल्या त्या गावात आमच्या फोनवर मात्र रात्री दीड वाजता, म्हणजे भारतातल्या सकाळी सहाला, रोज डझनभर सूर्य उगवायचे.

एवढी रेंज इथे कशी, या प्रश्नाने मामांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाइडला गाठलं. त्याने विमानतळाजवळच्या पठारी डोंगराकडे बोट दाखवलं. वर मोठमोठे पांढरे गोल घुमट ओळीने उभे. हे स्वालसॅट, १९९७ पासून चालू असलेलं उपग्रह केंद्र. आत शंभराहून अधिक अँटेना आहेत. हवामान बघणारे, पृथ्वीचे फोटो काढणारे बरेच उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. प्रत्येक फेरीला खालची पृथ्वी थोडी सरकलेली असते, त्यामुळे इतरत्र एखादा उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो. इथे मात्र दिवसाच्या चौदाच्या चौदा फेऱ्या हजेरी लावतात. उपग्रहाने काढलेला फोटो उतरवून घ्यायला पृथ्वीवर याहून सोयीची जागा मिळणं अवघड.

पण उतरवलेला माल पुढे न्यायला रस्ता हवा. म्हणून २००४ साली मुख्य भूमीपासून इथपर्यंत समुद्राच्या तळाशी दोन फायबर केबल्स आल्या, प्रत्येकी साधारण चौदाशे किलोमीटरच्या. खर्चात अमेरिकेच्या नासा आणि नोआ या संस्थांचाही वाटा होता, कारण त्यांना आपल्या उपग्रहांची माहिती ताबडतोब हवी होती. एखाद्या आडगावात मंत्र्यांचं फार्महाउस व्हावं आणि त्या निमित्ताने अख्ख्या गावाला डांबरी रस्ता मिळावा, तसं हे झालं. केबल टाकली उपग्रहांसाठी, गावकऱ्यांना फुकटात जगातलं उत्तम इंटरनेट मिळालं, आणि आता त्याच केबलवरून आमच्या मामी विचारत होत्या, “आमटीबिमटी मिळते का काही?”

“एकाच मार्गाने दोन केबल्स कशाला?” मी विचारलं.

“खणतात ना!” मामा म्हणाले.

“मामा, समुद्र आहे तो.”

पण गाइडने मामांचीच बाजू घेतली. जानेवारी २०२२ मध्ये त्यातली एक केबल खरोखरच निकामी झाली होती. दुसरी शाबूत होती म्हणून काम अडलं नाही. पोलिसांना ते माणसाच्या करणीचं वाटलं, पण पुराव्याअभावी तपास थांबला. हे ऐकून मामांचा चेहरा असा काही उजळला की त्या अंधाऱ्या गावात दिवा लावायची गरज उरली नाही. “बघा! इथेही खणणारा सापडत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी गाइडशी अत्यंत भावपूर्ण हस्तांदोलन केलं.

गावातल्या संग्रहालयात या सगळ्याचा पूर्वार्ध कळतो. मात्र आत जायच्या आधी बूट काढावे लागतात. हे कोळशाच्या खाणीचं गाव. १९०६ साली जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन माणसाने ते वसवलं. खाणीतून आलेल्या माणसाच्या बुटाची काळी धूळ घरभर होऊ नये म्हणून बूट दारात काढायची पद्धत पडली. पुढे एकेक खाण बंद होत गेली, पण पद्धत राहिली. हॉटेलातही तेच. साऱ्या जगाने युरोपात बूट घालून हिंडायचं आणि आम्ही मात्र या टोकाला येऊन ओसरीवर चपला काढल्यासारखे मोज्यांवर उभे! आमची ही खूश होती. मामा अस्वस्थ होते. एक तर त्यांच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. तो ते उजव्या पायाखाली दाबून ठेवत, त्यामुळे प्रत्येक काचेच्या कपाटापुढे ते एका पायावर ध्यानस्थ दिसत. दुसरं म्हणजे नवे कोरे बूट दारात ठेवून कुणी टोकन दिलं नव्हतं. दर दहा मिनिटांनी ते बाहेर जाऊन बूट बघून यायचे. एकदा तर दोन्ही बूट वेगवेगळ्या ओळींत ठेवून आले. एकटा बूट कोण नेणार, हा हिशेब.

पूर्वी इथे कसं होतं? १९११ साली बिनतारी तारायंत्र केंद्र आलं आणि बेटांचा बाहेरच्या जगाशी संबंध सुरू झाला. टपाल बोटीने यायचं, पण समुद्र गोठला की उन्हाळ्यापर्यंत बोट नाही. १९५० च्या दशकात हवाई दलाची विमानं हिवाळ्यात टपालाच्या थैल्या वरून टाकून जायची. हल्ली आमच्याकडे कुरियरवाला गेटवरून पार्सल फेकतो ती प्रथा फार जुनी आहे, हे इथे कळलं. १९४९ पासून रेडिओवरून टेलिफोन सुरू झाला. १९६९ साली टीव्ही आला, पण नॉर्वेचे कार्यक्रम दोन आठवडे उशिरा दाखवले जायचे. गावात माणसं संध्याकाळी टीव्हीसमोर बसून पंधरवड्यापूर्वी काय घालायला हवं होतं ते हवामानाच्या अंदाजात बघत असणार. पुढे उपग्रह आले, पण विषुववृत्तावरचा उपग्रह इतक्या उत्तरेकडून पाहिलं तर क्षितिजाला टेकलेला दिसतो आणि मधे डोंगर. म्हणून १९७० च्या दशकाच्या शेवटी भली मोठी छत्री गावात न बसवता दूर किनाऱ्यावर इस्फ्योर्ड रेडिओ केंद्रात, जवळजवळ सरळ समोर बघत बसवली. नियमित विमानतळ आला तो १९७५ मध्ये.

मामा हे सगळं वाचून गंभीर झाले. “आमच्या वेळी लायटनिंग कॉलला आठपट पैसे पडायचे,” ते म्हणाले. “आणि तीन मिनिटांत माणसं काय बोलायची माहितीये? कसे आहात, बरे आहोत, ऐकू येत नाही, ठेवतो.” मी त्यांचा फोन बघितला. सकाळी मामींशी झालेल्या संभाषणात ‘ऐकू येत नाही’ सोडल्यास बाकी मजकूर तोच होता.

गावातलं रोजचं जगणंही शिस्तीत चालतं. गावाची हद्द जिथे संपते तिथे त्रिकोणी पाटीवर पांढरं अस्वल आहे, आणि खाली लिहिलंय की हा इशारा संपूर्ण स्वालबार्डला लागू आहे. त्या पाटीपुढे बंदूक बाळगणाऱ्याशिवाय जाऊ नये, म्हणून दुकानांच्या दारावर ‘बंदूक आत आणू नये’ अशा खुणा असतात. पक्ष्यांच्या रक्षणासाठी मांजर पाळायला बंदी. बिअर आणि कडक दारूसाठी स्थानिकांना चक्क रेशनकार्ड, आणि पाहुण्यांना विमानाचं तिकीट दाखवावं लागतं. वाइनच्या बाबतीत मात्र नियम सैल: कार्ड खाणकामगारांना आवरायला काढलं होतं आणि वाइन साहेब लोक प्यायचे. हे ऐकल्यावर परदेशात आहोत असं वाटेनासं झालं. इथे थाई लोकांची वस्तीही बरीच आहे. त्यांच्या कृपेने हिला हिरव्या मिरच्या मिळाल्या आणि मामींच्या आमटीच्या प्रश्नाला निदान अर्धं उत्तर देता आलं.

स्नोमोबिलवरून बाहेर पडलो, तर गाव मागे पडल्यावर थोड्याच वेळात मामांच्या पाचही काड्या विझल्या. गाइडने रायफल, आवाजाचं पिस्तूल आणि सॅटेलाइट फोन दाखवला.

“अस्वल आलं की फोन करायचा का?” मामांनी विचारलं.

“नाही, आधी लांब जायचं. फोन नंतर.”

“लागला नाही तर?”

“मग अस्वलाला कळेल की रेंज नाही,” ही मागच्या सीटवरून म्हणाली. मामा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

शेवटी एका कॅफेत चक्क मराठी कानावर पडलं. वास्कोचा एक तरुण संशोधक, आजी सावंतवाडीची. भारताच्या ‘हिमाद्री’ या केंद्रावर निघाला होता. हे केंद्र २००८ मध्ये इथून आणखी उत्तरेला नी-ओलेसुंड इथे सुरू झालं आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही आपली माणसं असतात. म्हणजे माशांच्या हुमणावर वाढलेली पोरं आता ध्रुवाच्या शेजारी अंधारात हवेचे नमुने मोजतात.

“तिथे रेंज कशी?” मामांचा पहिला प्रश्न.

“काका, तिथे वायफाय बंद, ब्लूटूथ बंद. फोन फ्लाइट मोडवर.”

मामांच्या हातातला कप थांबला. कारण विचारल्यावर त्याने सांगितलं, की तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारचे क्षीण सिग्नल पकडतात आणि त्यावरून पृथ्वीच्या हालचाली मिलिमीटरपर्यंत मोजतात. त्या सिग्नलमध्ये कुणाच्या इअरफोनची लुडबुड नको, म्हणून भोवतालच्या वीस किलोमीटरात रेडिओ शांतता. इंटरनेट हवं तर लॅपटॉपला वायर लावायची. गावात सगळे एकाच भोजनगृहात जेवतात, आणि जेवताना कुणाच्या हातात वाजणारा फोन नसल्यामुळे एकमेकांशी बोलतात.

“आणि आई?”

“वायर लावून रोज बोलतो. मी उणे पंचवीस म्हटलं की ती म्हणते, स्वेटर घाल.”

मामा बराच वेळ समाधानाने मान हलवत होते. साऱ्या जगाने वायरला मोडीत काढलं असताना एका गावाने तिला पुन्हा मानाने घरात घेतलं होतं. एका केबल जॉइंटरला याहून मोठा पुरस्कार कुठला?

आमच्या मुक्कामात ८ मार्च आला. या दिवशी ऊन गावातल्या जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांवर पहिल्यांदा पडतं. रुग्णालय आता नाही, पायऱ्या जपून ठेवल्या आहेत. दुपारी साडेबारालाच सगळं गाव तिथे लोटलं. मुलांच्या गालांवर पिवळे सूर्य रंगवलेले, आणि ती घसा फोडून सूर्याला हाका मारत होती. पाऊण वाजून गेला आणि डोंगराच्या खांद्यावरून एक तिरीप खरोखरच पायरीवर येऊन बसली. माणसं टाळ्या वाजवू लागली. मामांनी ताबडतोब व्हिडिओ कॉल लावला आणि ट्रंक कॉलच्या आवाजात ओरडले, “हॅलो, कोण बोलतंय? अगं, ऊन आलं! हे बघ, ऊन!”

पडद्यावर मामी कपाळ पुसत होत्या. मागे पंखा पाचवर. पुण्यात संध्याकाळचे सव्वापाच वाजून गेले होते. “इथे ऊन मी म्हणतंय,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही मला ऊन दाखवता? एवढं कौतुक असेल तर ठेवून घ्या त्याला तिकडेच, ऑगस्टपर्यंत!”

मामींना माहीत नव्हतं, पण त्यांची सूचना तिथे वर्षानुवर्षं अमलात आहे. २० एप्रिलच्या सुमारास सूर्य तिथे वर चढतो तो ऑगस्टचा तिसरा आठवडा उलटेपर्यंत मावळतच नाही. पुण्याला त्यातून सूट मिळण्याची तरतूद मात्र अजून झालेली नाही. मामांनी तसं कळवलंही; उत्तर लगेच आलं: “बरं. जेवलात का?”