बॅन्जो आणि बेंजो

२०२४ च्या फेब्रुवारीत झाकीर हुसेन आणि राकेश चौरसियांना ग्रॅमी मिळाल्याची बातमी वाचली. त्यांच्याच जोडीला बॅन्जो वाजवणारा हा अमेरिकी बेला फ्लेक कोण म्हणून ऐकायला गेलो आणि पार बुडालो. या बाबाने १९८८ साली ‘फ्लेकटोन्स’ हा बँड काढला. वर ब्लूग्रासचा खळाळता बॅन्जो, खाली जॅझ. त्यात दोन भाऊ. एक बास वाजवतो, दुसरा गळ्यात गिटारासारखं यंत्र अडकवून बोटांनी ड्रम!

आमच्या कोरपन्यात जॅझ समजणारा मी एकटाच, हे मीच जाहीर करून टाकलं. टपरीवर कापसाच्या भावाची चर्चा रंगली की मी मध्येच फ्लेक काढायचो. लोक चहा अर्धा टाकून उठायचे. दर्दी माणसाच्या नशिबी हेच असतं, अशी मी स्वतःची समजूत घालायचो.

मग बॅन्जो घ्यायचं ठरलं. नागपूरच्या एका दुकानात फोन लावला.

“बेंजो आहे?”

“आहे नं.”

“तारा?”

“भरपूर आहेत, भाऊ.”

पैसे पाठवले. ट्रॅव्हल्सवाल्याने खोकं गडचांदूरला उतरवलं. ते उघडायला अख्खी गल्ली आमच्या ओसरीवर. आत लांबट लाकडी पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. मूळचं जपानी वाद्य, आपल्याकडे येऊन बेंजो झालेलं. चामडं मढवलेल्या त्या गोल बॅन्जोशी त्याचं नातं आडनावबंधूचं.

भजनात ढोलकी वाजवणारे काका वाकून पाहू लागले. “हा तं आपल्या वरातीतला बेंजो होय बे! याच्यासाठी अमेरिकेचं नाव घेऊन राहिला होता का?”

“मुद्दाम मागवला, काका. फ्यूजन करतो,” म्हणालो. पुरावा म्हणून मोबाइलवर झाकीर-फ्लेक लावले आणि जाणकारासारखी टाळी धरली. काकांनी डोळे मिटले. मांडीवर बोटं चालली, मान दोनदा हलली आणि तिसऱ्या आवर्तनाला थाप नेमकी समेवर पडली. माझी टाळी त्यानंतर, सावकाश आली.

“मस्त आहे. पुन्हा लाव,” काका म्हणाले. “तू फक्त टाळी देऊ नको.”

कोणाकडे पाच तारांचा, गोल बॅन्जो पडून असेल तर कृपया कळवावं. बदल्यात माझा देतो. दोनच बटणं अडकतात.