काटेकर कुणाचा?

रहस्यकादंबरीतला पोलीस दारू पितो, बायको सोडून गेलेली असते, रात्र रात्र झोप लागत नाही. एवढं वाचलं की आपण माना डोलावतो. वा, काय गुंतागुंतीचं पात्र आहे! यात गुंतागुंत कसली? हा तर हल्लीच्या नायकाचा गणवेश झाला. त्या दारूने बिघडलं तर त्याचं यकृत बिघडतं, तपास बिघडत नाही. आरोपी सापडायचा तो सापडतोच. ज्या दोषाची झळ दुसऱ्या कुणालाच लागत नाही, तो लेखकाने शोभेला ठेवलेला असतो.

सांताक्रूझला, वाकोल्याच्या आमच्या वाचनगटात सध्या विक्रम चंद्रांची 'सेक्रेड गेम्स' चालली आहे. कादंबरी २००६ ची, ९०० पानांच्या घरातली. २०१८ साली नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली आणि बहुतेकांनी आधी तीच पाहिली. त्यामुळे चर्चेला बसतानाच गुंड गायतोंडे म्हणजे नवाजुद्दीन आणि पोलीस शिपाई काटेकर म्हणजे जितेंद्र जोशी हे ठरलेलं होतं. गायतोंडेचा निकाल आम्ही दहा मिनिटांत लावला. खुनी माणूस, बोलायचं काय? घोडं अडलं ते इन्स्पेक्टर सरताज सिंगपाशी.

सरताज पैसे घेतो. मालिकेतला सैफचा सरताज बराच धुतलेला आहे, पुस्तकातला नाही. वरिष्ठ असलेल्या परुळकरसाहेबांची रोकड ठरल्या माणसाकडे पोचवणारा हाच. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर एक नवरा भांडणाच्या भरात बायकोचं पामेरियन कुत्रं पाचव्या मजल्यावरून खाली फेकतो. पुढे त्या हवाई सुंदरी बायकोला कुणीतरी ब्लॅकमेल करायला लागतं. सरताज ते प्रकरण गुन्हा न नोंदवता, गुपचूप, पैसे घेऊन हाताळतो.

गटातल्या निवृत्त बँकवाल्या काकांनी त्याला लगेच पदरात घेतलं. "अहो, पगारात भागतं का त्यांचं?" दुसरे म्हणाले, "गरिबाकडून तर घेत नाही ना!" तिसऱ्यांच्या मते तो मनाने चांगला होता. मला हे ऐकवेना. आपण सरताजला इतक्या झटपट माफ करतो, कारण देणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे असतो. घेणाऱ्याला सोडलं की देणाऱ्याची आपोआप सुटका होते. त्याच लेखकाने शेवटाकडे याच सरताजला कुठे नेऊन उभं केलंय बघा. वडिलांच्या काळापासून ज्यांनी त्याला सांभाळलं त्या परुळकरांनाच तो माहितीच्या बदल्यात बळी देतो. देशाला वाचवायचंय हे कारण खरं आहे, आणि दगाही खरा आहे. लेखक दोन्ही आपल्या पदरात टाकतो आणि कुठलंच परत घेत नाही. दोष असा लिहितात. त्या पानांवर मात्र बँकवाले काका गप्प होते.

मग सरताजच्या हाताखालचा काटेकर निघाला. "किती गोड माणूस!" असं दोघीतिघी एकदम म्हणाल्या. आमच्याकडे कोळे कल्याणच्या पोलीस वसाहतीतून एक ताई येतात. यजमान हवालदार म्हणून निवृत्त झालेले. एरवी त्या फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "गोड नका म्हणू त्याला. तो कोठडीत मारतो, पुस्तकात लिहिलंय. ते हात घेऊन माणूस घरी जेवायला बसतो. मी वाढलंय त्या हातांना."

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं. गणपतीच्या बंदोबस्तावरून नवरा परतला की बूट निघायचे नाहीत, इतके पाय सुजलेले. मोजे तर त्यांनी कात्रीने कापून काढलेत. "साहेबांकडे लिफाफा जातो, याच्याकडे त्यातलं किती येतं? आणि चाकू कुणाला लागतो?"

कादंबरी अर्धीही झालेली नसते आणि एका वस्तीत आरोपीला पकडताना काटेकर मारला जातो. मागे शालिनी आणि दोन मुलं. साधा थरारलेखक तिथे तुतारी वाजवून पुढच्या पाठलागाला लागला असता. चंद्रा मात्र शालिनीच्या घरी पुन्हा पुन्हा जातात. नवऱ्याच्या मारहाणीसकट, त्याच्या मायेसकट, त्याच्या वाट्याच्या तुटपुंज्या पैशासकट त्या घराचं काय होतं ते बघतात. मालिका पाहून हळहळलेल्यांनी ही पानं जरूर वाचावीत.

माझं खरं दुखणं इथे आहे. काटेकर मराठी माणूस, मुंबईचा पोलीस, आणि तो आपल्याला भेटला इंग्रजीतून. त्याच्याही आधीचा इन्स्पेक्टर गणेश घोटे घ्या. भित्रा, साहेबापुढे चाचरणारा, तरी चिवट. तोही मुंबई पोलिसांतलाच. त्याला १९६४ साली 'द परफेक्ट मर्डर'मध्ये जन्माला घातलं एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने, ज्याने तोवर मुंबईत पाऊलही ठेवलेलं नव्हतं!

आणि आपण? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजाराच्या पुढचा. सुहास शिरवळकरांची पुस्तकं तर वाचनालयांच्या कपाटात टिकत नसत. या मंडळींनी मराठी माणसाला वाचायला लावलं, हे त्यांचं मोठं ऋण आहे आणि ते मी मानतो. पण अर्नाळकरांचा झुंजार असो, काळा पहाड असो की नाईकांचा कॅप्टन दीप, नायक कायद्याच्या बाहेर गेला तरी मनाने सोन्याचाच राहिला. साध्या हवालदाराला या कथांनी सलाम ठोकायला आणि आरोपीला घेऊन जायला ठेवलं. डागाळलेली माणसं लिहिली ती भाऊ पाध्यांसारख्यांनी, रहस्यकथेच्या बाहेर. पाध्यांच्या 'वासूनाका'वर तर अत्र्यांनी आसूड ओढला. चांगल्या माणसाचा वाईट हात बघायची सवय आपल्या वाचनाला लागलीच नाही. मग गटात बसून आपण "गोड" आणि "नालायक" या दोनच शब्दांत चर्चा उरकतो.

सामग्रीचा तुटवडा आहे असंही नाही. राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आमच्या कलिन्यात आहे. बातम्यांमध्ये जो व्हिसेरा 'तपासणीसाठी कलिन्याला पाठवला' असं आपण वाचतो, तो इथे येतो. कादंबरीत अहवाल चार पानांत हाती पडतो, प्रत्यक्षात त्याची वाट बघणारं कुटुंब असतं, कोर्टाच्या तारखा असतात, फोनवर तेच ते उत्तर देणारा तपास अधिकारी असतो. त्याच कलिन्यात मुंबई विद्यापीठाचा मराठी विभाग आहे, त्याच भागात पोलीस वसाहत आहे. एवढं सगळं हाताशी असताना मराठी काटेकर का लिहिला गेला नाही, याचं उत्तर आम्हा वाचकांकडेही मागायला हवं. आम्ही तो कधी मागितलाच नाही.

पुढच्या बैठकीला शालिनीची प्रकरणं आहेत. कोळे कल्याणच्या ताई येणार आहेत. मराठीत लिहिणाऱ्या कुणीतरी वही घेऊन यावं आणि त्यांच्या शेजारची खुर्ची धरावी.